दुरंगी पानांची सदाहरित झुडपे : लागवड आणि निगा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानांवर पांढऱ्या, दुधी किंवा पिवळ्या रंगाच्या कडा, पट्टे वा शिंतोडे असलेली आणि बाराही महिने पानांनी भरलेली राहणारी झुडपे रोपवाटिकांमध्ये ‘व्हेरिगेटेड’ या नावाने मिळतात. ऑक्युबा, युओनिमस, एलिएग्नस, पिटोस्पोरम, शेफ्लेरा, ड्युरांटा, दुरंगी तगर, दुरंगी जास्वंद ही त्यांपैकी काही. जाती निराळ्या असल्या तरी त्यांच्याबद्दलचे बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पानाच्या फिकट भागात हरितद्रव्य नसते किंवा फार थोडे असते. त्यामुळे तो भाग पुरेसे अन्न तयार करू शकत नाही आणि त्याला पोसण्याचा भार उरलेल्या हिरव्या भागावर पडतो. ऊन किती द्यावे, खत किती घालावे, कोणती फांदी काढावी आणि कोणती राखावी, हे सारे त्यावरूनच ठरते.

पानाला दोन रंग कसे येतात?

प्रत्येक फांदीच्या टोकाशी सतत विभागणाऱ्या पेशींचा एक सूक्ष्म गोळा असतो. या झुडपांमध्ये त्यात साधारणपणे तीन थर ओळखता येतात. सर्वांत बाहेरच्या थरापासून पानाची त्वचा बनते, त्याखालच्या थरापासून पानाच्या कडेकडचा गर बनतो आणि सर्वांत आतल्या थरापासून मध्यभाग आणि शिरांलगतच्या ऊती बनतात. यांपैकी एखाद्या थरातील पेशीत जनुकीय बदल होऊन तिची हरितद्रव्य बनवण्याची क्षमता गेली आणि पुढे तिच्याच वंशातल्या पेशींनी तो थर व्यापला, की त्या थरापासून होणारा पानाचा भाग फिकट राहतो. मधला थर रंगहीन असेल तर पांढरी कड आणि हिरवा मध्यभाग असे पान मिळते, आतला थर रंगहीन असेल तर त्याच्या उलट.

एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी नांदत असल्यामुळे अशा वनस्पतीला ‘कायमेरा’ म्हणतात. हा शब्द वनस्पतिशास्त्रात हान्स विंकलर यांनी १९०७ मध्ये आणला. टोमॅटो आणि कामोणी यांच्या कलमातून फुटलेल्या संमिश्र फांदीसाठी त्यांनी तो वापरला होता. त्यानंतर १९०९ मध्ये एर्विन बाउर यांनी पांढऱ्या कडांच्या पेलार्गोनियमचा अभ्यास करून त्याची पाने अशाच थरांच्या रचनेतून बनतात हे दाखवून दिले.

ही रचना नुसत्या डोळ्यांनीही पाहता येते. पांढऱ्या कडेचे एखादे पान खिडकीच्या उजेडासमोर धरावे. प्रथम दोनच रंग दिसतात. थोडे थांबून पाहिले की तिसरा उमटतो. मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना गडद हिरवा रंग, कडेला स्वच्छ दुधी रंग आणि त्या दोहोंच्या मध्ये राखाडी झाक असलेले, नकाशातल्या बेटांसारखे वेडेवाकडे तुकडे. त्या तुकड्यांमध्ये हिरव्या पेशींचा थर रंगहीन थराखाली दबलेला असतो, म्हणून तेथे हिरवा रंग झाकोळल्यासारखा दिसतो. एकदा हे पाहिले की त्याच झाडाची दोन पाने कधीही अगदी सारखी का नसतात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सर्वच रंगीत पानांचे कारण हेच असते का?

नाही. क्रोटनच्या पानांवरचे पिवळे, नारिंगी आणि तांबडे रंग कॅरोटिनॉइड आणि अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतात आणि ते कुठे उमटावेत हे त्या झाडाच्या प्रत्येक पेशीतील जनुकेच ठरवतात. काही वनस्पतींमध्ये पानाच्या त्वचेखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित झाल्यामुळे रुपेरी डाग दिसतात. तेथे हरितद्रव्य मुळीच कमी नसते. अब्युटिलॉनच्या काही लोकप्रिय वाणांच्या पानांवरील पिवळी नक्षी तर चक्क विषाणूमुळे असते आणि ती नक्षी टिकावी म्हणून तो विषाणू कलमांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेला जातो. येथील पुढची उत्तरे मुख्यतः कायमेरा प्रकारच्या झुडपांना लागू आहेत, कारण बागेत सर्वाधिक अडचणी त्यांच्याच बाबतीत येतात.

कोणते झुडूप निवडावे?

जागा आधी पाहावी आणि झाड नंतर. थंड हवामानात, इमारतीच्या किंवा मोठ्या झाडांच्या सावलीत जेथे दुसरे काही नीट वाढत नाही, तेथे ऑक्युबा जपोनिका उत्तम वाढते. तिच्या रुंद, तकतकीत पानांवरचे पिवळे शिंतोडे अंधाऱ्या कोपऱ्यात उठून दिसतात. वारा आणि खारी हवा सोसायची असेल तर एलिएग्नस पंजेन्स ‘मॅक्युलाटा’ हा सोनेरी मध्यभागाचा वाण भरवशाचा आहे. युओनिमस कुंपणासाठी चांगले, कारण ते कात्री सहन करते. पिटोस्पोरम टोबिराचा दुरंगी वाण मुळातच गोलसर आणि आटोपशीर वाढतो. उष्ण आणि दमट हवेत शेफ्लेरा, ड्युरांटा, दुरंगी तगर आणि दुरंगी जास्वंद यांना पसंती द्यावी.

रोप घेताना बाहेरच्या चकचकीत पानांवर भाळू नये. फांद्या हाताने बाजूला सारून बुंध्याकडे पाहावे. तेथून निव्वळ हिरव्या फुटी निघालेल्या असतील, किंवा त्या नुकत्याच कापल्याचे ताजे व्रण असतील, तर ते रोप मूळ हिरव्या रूपाकडे वळू लागले आहे असे समजावे. याच्या उलट, जवळपास पांढरेशुभ्र दिसणारे रोपही टाळावे. ते डोळ्यांत भरते, पण त्याच्याकडे स्वतःला पोसण्याइतका हिरवा भाग नसतो. प्रत्येक पानावर निम्म्याहून थोडा अधिक हिरवा रंग असलेले रोप माझ्या मते सर्वांत शहाणपणाची निवड होय.

ऊन किती लागते?

फिकट भागाला अन्न मिळावे यासाठी झाडाला भरपूर उजेड हवा असतो. मात्र त्याच फिकट भागाला तीव्र उन्हापासून वाचवणारी रंगद्रव्ये तेथे पुरेशी नसल्यामुळे तो लवकर करपतो. या ओढाताणीवर सर्वसाधारण तोडगा असा की सकाळचे तीन-चार तासांचे कोवळे ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली द्यावी.

तरीही सर्व झुडपांना एकच माप लावता येत नाही. पिवळ्या आणि सोनेरी रंगाच्या वाणांना सहसा जास्त ऊन मानवते, किंबहुना उन्हाविना त्यांचा सोनेरी रंग पोपटी पडतो. एलिएग्नस आणि ड्युरांटा ही त्याची उदाहरणे. पांढऱ्या किंवा दुधी रंगाच्या वाणांना गाळून आलेला उजेड चांगला. ऑक्युबाला मात्र थेट ऊन सोसतच नाही. कडक उन्हात तिची पाने काळी पडतात आणि पाणी कितीही घातले तरी ती सुधारत नाहीत.

जागा चुकली आहे हे झाड स्वतःच सांगते. नवीन पाने आकाराने मोठी, पातळ आणि अधिकाधिक हिरवी येऊ लागली, पेरांमधले अंतर वाढू लागले, तर उजेड कमी पडतो आहे. फिकट भागावर तपकिरी, कागदासारखे कोरडे चट्टे पडू लागले आणि ते सूर्याच्या बाजूलाच जास्त असले, तर ऊन अधिक होत आहे. सावलीतले झाड उन्हात न्यायचे असल्यास एकदम नेऊ नये. दोन ते तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने सरकवावे, कारण सावलीत तयार झालेले पान उन्हासाठी घडलेले नसते.

लागवड कशी करावी?

मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण त्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद खड्डा घ्यावा. खड्डा जास्त खोल केला तर खालची भुसभुशीत माती कालांतराने बसते, झाड खाली जाते आणि बुंध्याभोवती पाणी साचून साल कुजते. पिशवीत किंवा कुंडीत मुळे गोल फिरून गुंडाळली गेली असतील तर ती बोटांनी सैल करावीत. फारच घट्ट झाली असतील तर धारदार चाकूने गोळ्याला दोन-तीन उभे काप द्यावेत. खड्ड्यातली माती बाहेर काढली तीच, थोडे चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून, परत भरावी. रोप कुंडीत जितके खोल होते तितकेच जमिनीत राहील याची खात्री करावी, आळे करून भरपूर पाणी द्यावे आणि मातीवर पाच ते सात सेंटीमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. आच्छादन बुंध्याला टेकता कामा नये.

पाणी तुंबणाऱ्या भारी जमिनीत खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून काम भागत नाही. तेथे वीस-तीस सेंटीमीटर उंचीचा वरंबा करून त्यावर लागवड करणे हाच खरा उपाय आहे.

पाणी केव्हा आणि किती द्यावे?

लागवडीनंतरचे पहिले वर्ष हे मुळांचे वर्ष असते. या काळात पाणी कमी वेळा, पण खोलवर जाईल असे द्यावे. रोज वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे पृष्ठभागाजवळच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात झाड माना टाकते. दुरंगी झुडपाची वाढ त्याच जातीच्या हिरव्या झुडपापेक्षा मंद असते आणि त्याला पाणीही सहसा कमी लागते, हे कुंडीतल्या झाडांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे. मातीत बोट दोन पेरांपर्यंत खुपसून पाहावे. तेथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. जास्त पाण्याने मुळे कुजू लागली की झाड तहानलेल्या झाडासारखेच मलूल दिसते. अशा वेळी माती न तपासता आणखी पाणी घातले जाते आणि सुधारू शकले असते असे झाड हातचे जाते.

खत कोणते द्यावे?

बेताने द्यावे. नत्र भरपूर असलेल्या खताने लांब, मऊ फांद्या सुटतात, त्यांवर मावा चटकन येतो आणि झाडात एखादी हिरवी फूट दडलेली असेल तर ती सर्वांत आधी उचल खाते. वाढीचा हंगाम सुरू होताना एकदा कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि कुंडीतल्या झाडाला हंगामात महिन्यातून एकदा निम्म्या मात्रेचे संतुलित द्रवखत एवढे पुरते. झाड थंडीत विसावलेले असताना, नुकतेच कुंडी बदललेले असताना किंवा आजारी असताना खत देऊ नये.

झाडावर एकदम पूर्ण हिरव्या फांद्या येऊ लागल्या आहेत. काय करावे?

त्या ताबडतोब काढाव्यात. दुरंगी झुडपाच्या संपूर्ण निगेत याहून महत्त्वाचे काम नाही.

असे होण्याचे कारण वर सांगितलेल्या थरांच्या रचनेत आहे. ही रचना पक्की नसते. एखाद्या डोळ्यात हिरव्या थराच्या पेशी रंगहीन थराची जागा घेतात, किंवा जुन्या खोडाच्या आतल्या हिरव्या ऊतींतून नवाच डोळा फुटतो, आणि त्यापासून निघालेली फांदी सर्वस्वी हिरवी होते. तिच्या प्रत्येक पानाचा प्रत्येक भाग अन्न तयार करीत असल्यामुळे ती शेजारच्या दुरंगी फांद्यांपेक्षा वेगाने वाढते, वर जाऊन त्यांचा उजेड अडवते आणि हळूहळू झाडाचा ताबा घेते. त्या फांदीतून रंगहीन थर नाहीसा झालेला असल्यामुळे ती पुन्हा दुरंगी होईल अशी आशा धरण्यात अर्थ नसतो.

माझ्याकडच्या एका दुरंगी तगरीला बुंध्यापासून वीतभर उंचीवर अशी एक फूट आली होती. तेव्हा झाडाची बाकी वाढ रोडावली होती आणि ही एकच फांदी जोमदार, गडद, टवटवीत पानांची होती, म्हणून झाड सावरत आहे असे वाटून ती राखली. दुसऱ्या वर्षी ती झाडाच्या उंचीएवढी झाली. तिसऱ्या वर्षी तिच्या सावलीतल्या तीन दुरंगी फांद्या वाळल्या, आणि ती कापण्याची वेळ आली तेव्हा ती अंगठ्याएवढी जाड झालेली होती. ती काढल्यावर उरलेले झाड एका बाजूला अर्धे रिकामे राहिले आणि ती बाजू भरून यायला आणखी दोन वर्षे लागली. ती फूट करंगळीएवढी होती तेव्हा काम नखाने खुडण्याइतके सोपे होते.

कापताना हिरवी फांदी जेथून निघते त्या सांध्यापर्यंत जावे आणि खुंट शिल्लक ठेवू नये, कारण त्या खुंटावरचे सुप्त डोळे पुन्हा हिरवेच फुटतात. फांदीचे फक्त टोक हिरवे झाले असेल तर पहिल्या हिरव्या पानाच्या खाली, ज्या पेरावर अजून दुरंगी पान आहे तेथपर्यंत मागे कापावे. बुंध्याजवळच्या मातीतून हिरवी फूट येत असेल तर माती थोडी बाजूला करून ती उगमापाशी काढावी. रोप कलमी असेल तर ती फूट ज्या दुसऱ्या रोपावर कलम बांधले त्या खालच्या खुंटाची असण्याचीही शक्यता असते आणि तेव्हाही उपाय तोच. वाढीच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी झाडाभोवती एक फेरी मारून हे पाहण्याची सवय ठेवावी.

आणि पूर्ण पांढऱ्या फांद्या?

त्याही काढाव्यात. त्या अन्न बनवत नाहीत, पहिल्या कडक उन्हात करपतात आणि तोवर इतर फांद्यांच्या अन्नावर जगतात. पाणी घालून काही दिवस फुलदाणीत ठेवायला मात्र त्या सुंदर दिसतात.

छाटणी केव्हा आणि किती करावी?

आकार राखण्यासाठीची हलकी छाटणी वाढीचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास करावी, म्हणजे नव्या फुटीला पक्व व्हायला पूर्ण हंगाम मिळतो. फुलांसाठीही लावलेल्या झुडपांची छाटणी बहर संपल्यावर करावी. मोठ्या पानांच्या झुडपांना कुंपणाची लांब कात्री लावू नये. अर्धी कापलेली पाने कडेने तपकिरी पडतात आणि पुढचे कित्येक महिने तशीच दिसत राहतात. ऑक्युबा किंवा पिटोस्पोरम यांच्या फांद्या हातकात्रीने एकेक करून, पानाच्या लगेच वर कापाव्यात.

झाड जुने आणि उघडेबोडके झाले म्हणून ते एकदम जमिनीपासून हातभर उंचीवर कापण्याचा मोह टाळावा. हिरव्या झाडाला तशी छाटणी बऱ्याचदा मानवते, पण दुरंगी झाडाच्या जुन्या खोडातून येणाऱ्या फुटी हिरव्या निघण्याचा धोका जास्त असतो, शिवाय पाने एकाच वेळी गेल्यावर त्याच्याकडे राखीव शक्तीही कमी असते. एका वर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या काढून तीन वर्षांत झाड नवे करावे.

पानांच्या कडा तपकिरी होत आहेत. हा रोग आहे का?

बहुधा नाही. पानाची कड हा शिरांपासून सर्वांत दूरचा भाग असतो; पाणी कमी पडले, हवा फार कोरडी झाली, गरम वारा लागला किंवा मातीत क्षार साठले, की परिणाम आधी तेथेच दिसतो. पांढऱ्या कडेच्या पानात तीच कड सर्वांत नाजूक असल्यामुळे तो अधिक ठळक होतो. कुंडीच्या मातीवर किंवा कडेवर पांढरी पापडी दिसत असेल तर क्षार साठले आहेत. कुंडीच्या आकाराच्या दोन-तीन पट पाणी सावकाश ओतून ते खालच्या छिद्रातून वाहून जाऊ द्यावे. डाग गोल असतील, त्यांभोवती पिवळे वलय असेल आणि ते हिरव्या भागावरही पसरत असतील, तर मात्र तो बुरशीजन्य किंवा जिवाणूजन्य रोग असू शकतो. अशी पाने खुडून बागेबाहेर टाकावीत, पानांवर पाणी मारणे थांबवावे आणि फांद्यांमध्ये हवा खेळेल असे पाहावे.

पिवळेपणा हा वाणाचा आहे की अन्नद्रव्यांच्या कमतरतेचा, हे कसे ओळखावे?

वाणाच्या नक्षीला स्पष्ट कडा असतात. कमतरतेचा पिवळेपणा हळूहळू विरत जातो. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसत असेल तर लोहाची कमतरता असते, आणि ती बहुतेक वेळा मातीत लोह नसल्यामुळे होत नाही, तर चुनखडीच्या किंवा अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नसल्यामुळे होते. तशीच खूण जुन्या, खालच्या पानांत दिसली तर मॅग्नेशियम कमी आहे. जुनी पाने सरसकट फिकी पडून गळत असतील तर नत्र. दुरंगी पानात ही लक्षणे शोधताना फक्त हिरव्या भागाकडे पाहावे.

सदाहरित असूनही पाने का गळतात?

सदाहरित याचा अर्थ सगळी पाने एकाच वेळी गळत नाहीत, एवढाच आहे. झुडपाच्या आतल्या बाजूची जुनी पाने आपले आयुष्य संपले की पिवळी पडून गळतात. नवी पालवी येण्याच्या सुमारास हे जास्त दिसते. शेंड्याकडची कोवळी पाने गळत असतील, किंवा आठवडाभरात झाड निम्मे रिकामे झाले असेल, तर मुळांची तपासणी करावी. जागा बदलल्यावर क्रोटन आणि शेफ्लेरा काही पाने टाकतात. तेव्हा पाणी वाढवू नये, झाड पुन्हा हलवू नये आणि वाट पाहावी.

कोणत्या किडी येतात?

सर्वांत चिवट म्हणजे पिठ्या ढेकूण आणि खवले कीड. पांढऱ्या कडांच्या पानांवर पिठ्या ढेकणाचे कापसासारखे पुंजके नजरेतून सहज सुटतात, म्हणून पानाच्या बेचक्यात आणि पानांच्या खालच्या बाजूला मुद्दाम पाहावे. पाने चिकट लागत असतील किंवा त्यांवर काजळी साचल्यासारखी काळी बुरशी दिसत असेल तर वरच्या फांदीवर यांपैकी एखादी कीड किंवा मावा आहे असे समजावे. काजळी पुसून उपयोग नाही, कीड जायला हवी. प्रादुर्भाव थोडा असेल तर ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने कीड पुसून काढावी. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि काही थेंब द्रव साबण मिसळून संध्याकाळच्या वेळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे आणि दर सात ते दहा दिवसांनी असे तीनदा करावे. आधी दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस थांबणे चांगले, कारण फिकट भाग लवकर भाजतो. कोरड्या, गरम हवेत लाल कोळी येतो. पाने धुळकट आणि बारीक ठिपक्यांची दिसू लागतात. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने तो बराच आटोक्यात येतो. युओनिमस जपोनिकावर भुरी रोग वारंवार येतो, त्यामुळे त्याची दाट लागवड करू नये.

बियांपासून रोप केले तर ते दुरंगी होईल का?

कायमेरा प्रकारच्या झुडपांच्या बाबतीत जवळजवळ कधीच नाही. बीजांड आणि पराग शेंड्याच्या मधल्या थरापासून तयार होतात, त्यामुळे रोपाला दोन थरांचा वारसा मिळत नाही. त्याला एकाच थराचा मिळतो. तो थर हिरवा असेल तर रोप पूर्ण हिरवे होते, रंगहीन असेल तर ते पांढरे उगवते आणि बियातले अन्न संपताच मरते. पानांच्या रंगाचा वारसा कसा चालतो यावर कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये गुलबक्षीच्या दुरंगी वाणावर प्रयोग प्रसिद्ध केले. बी ज्या फांदीवर धरले त्या फांदीच्या रंगावर रोपाचा रंग अवलंबून असतो आणि पराग कोणत्या फांदीवरून आणला याने काही फरक पडत नाही, असे त्यांना दिसले. माता-वनस्पतीकडून हरितकणांचा, म्हणजे पेशीतील हरितद्रव्य असलेल्या कणांचा, वारसा जातो, ही समज त्यातून पुढे आली.

मग अभिवृद्धी कशी करावी?

छाट कलमाने. यंदाच्या वाढीची, खालून थोडी कडक पण वरून अजून लवचीक असलेली, १० ते १५ सेंटीमीटर लांबीची फांदी पेराच्या लगेच खाली तिरकी कापावी. खालची पाने काढावीत; पाने मोठी असतील तर वरची पाने निम्मी कापावीत. टोक मुळे फुटण्याच्या संजीवकात बुडवून, समप्रमाणात घेतलेल्या जाड वाळू आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात पेन्सिलीने भोक पाडून खोचावे. वर पारदर्शक पिशवी किंवा अर्धी कापलेली बाटली झाकून उजेडात, पण थेट उन्हापासून दूर ठेवावे. जातीनुसार चार ते आठ आठवड्यांत मुळे येतात. हळूच ओढून पाहिल्यावर फांदीने प्रतिकार केला तर मुळे धरली आहेत.

फांदीची निवड हा या कामातला खरा कौशल्याचा भाग आहे. पानांवर पट्टे किंवा तुकडे असलेल्या वाणांत खोडावरही उभ्या फिकट आणि हिरव्या रेघा दिसतात. पानाच्या बगलेतला डोळा खोडाच्या ज्या रेघेवर बसलेला असेल तिचाच रंग त्याच्या फुटीला येतो: हिरव्या रेघेवरचा डोळा हिरवी फांदी देतो, पांढऱ्यावरचा पांढरी, आणि दोहोंच्या सीमेवरचा डोळा दुरंगी. म्हणून कापण्यापूर्वी फांदी हातात फिरवून निदान दोन डोळे सीमेवर आहेत ना, हे पाहावे. मुळांच्या तुकड्यांपासून रोपे करू नयेत. ती आतल्या थरापासून फुटतात आणि सहसा दुरंगी राहत नाहीत. सापासारख्या पट्ट्यांच्या पानांची सॅन्सेव्हिएरिया पानाच्या तुकड्यापासून लावली की तिची पिवळी कड हरवते, ती याच कारणाने. छाट कलमे लागत नसतील तर गुटी कलम करावे, म्हणजे झाडावरच्याच फांदीची थोडी साल गोलाकार काढून तेथे ओले शेवाळ बांधावे आणि मुळे फुटू द्यावीत, कारण मुळे येईपर्यंत फांदी झाडावरच पोसली जाते.

माझ्या ऑक्युबाला फळे का येत नाहीत?

ऑक्युबाची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि फळे फक्त मादीला, जवळ नर असेल तरच, येतात. या बाबतीत तिचा इतिहास बोलका आहे. जॉन ग्रॅफर यांनी १७८३ मध्ये पिवळ्या शिंतोड्यांची ऑक्युबा ब्रिटनमध्ये आणली ती मादी होती, आणि तेथील सारी झाडे तिच्याच कलमांपासून झाल्यामुळे पुढे कित्येक दशके त्या देशात तिला फळ धरले नाही. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८६१ मध्ये जपानमधून नर झाड मिळवले, तेव्हा कोठे तिच्या लाल फळांचे घोस तेथील बागांत दिसू लागले. ‘क्रोटोनिफोलिया’ किंवा ‘व्हेरिगाटा’ यांसारखे वाण घेताना ते नर आहे की मादी हे रोपवाटिकेत विचारून घ्यावे.

कुंडीत लावता येते का?

येते, आणि मंद वाढीमुळे ही झुडपे कुंडीत हिरव्या झुडपांपेक्षा जास्त वर्षे चांगली राहतात. कुंडी बदलताना आधीपेक्षा चार-पाच सेंटीमीटरच मोठी घ्यावी. फार मोठ्या कुंडीतली न वापरलेली माती सतत ओली राहून मुळे कुजवते. मोठी, कोरड्या फडक्याने पुसता येतील अशी पाने महिन्यातून एकदा पुसावीत, कारण धुळीचा थर उजेड अडवतो.

थंडीत काय काळजी घ्यावी?

उष्ण प्रदेशांतील जातींना हिमकण पडण्याच्या ठिकाणी उघड्यावर ठेवू नये. थंडी सोसणाऱ्या जातींमध्येही दुरंगी वाण त्यांच्या हिरव्या रूपापेक्षा थोडे नाजूक असतात. त्यांना भिंतीचा आडोसा द्यावा आणि हंगामाच्या अखेरीस नत्र देऊ नये. युओनिमस फॉर्च्युनी ‘एमराल्ड गेटी’ या वाणाच्या पांढऱ्या कडा थंडीत गुलाबी होतात. तो रोग नाही, आणि ऊब वाढली की कडा पुन्हा पांढऱ्या होतात.

ही झुडपे विषारी असतात का?

काही असतात. कण्हेरीचे, मग ती दुरंगी असो वा नसो, सर्व भाग तीव्र विषारी आहेत. ड्युरांटाची पिवळी फळे मुलांना आकर्षित करतात आणि ती विषारी आहेत. क्रोटनच्या चिकाने त्वचेवर दाह होऊ शकतो आणि कपड्यावर पडलेला डाग निघत नाही. शेफ्लेरामध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, त्यामुळे पाळीव प्राण्याने पान चावल्यास तोंडात आग होते. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील तेथे कण्हेर आणि ड्युरांटा लावूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्यांची छाटणी हातमोजे घालून करावी.

माझ्या साध्या हिरव्या झुडपाला एक दुरंगी फांदी आली आहे. ती टिकवता येईल का?

प्रयत्न जरूर करावा, कारण बागांतले अनेक दुरंगी वाण असेच एखाद्या हिरव्या झाडावर अचानक आलेल्या फांदीपासून सुरू झाले आहेत. आधी ती फांदी आजारी नाही याची खात्री करून घ्यावी: नक्षी पानागणिक वेडीवाकडी असेल, पाने सुरकुतलेली असतील किंवा तीच लक्षणे शेजारच्या झाडावरही दिसत असतील तर विषाणूची शंका घ्यावी आणि ती फांदी काढून टाकावी. फांदी निरोगी असेल तर तिच्यावर सावली टाकणाऱ्या हिरव्या फांद्या मागे छाटाव्यात, म्हणजे तिला उजेड मिळेल. तिच्यावरचे ज्या बाजूचे डोळे दुरंगी पानांच्या बगलेत आहेत त्यांना फुटू द्यावे आणि हिरवे खुडत राहावे. दुसऱ्या हंगामात फांदी पेन्सिलीएवढी जाड झाली की तिच्यावर गुटी कलम बांधावे आणि मुळे धरल्यावर ती वेगळी करून छोट्या कुंडीत लावावी. त्या पहिल्या रोपाच्या शेंड्यावरून पुन्हा छाट कलमे घ्यावीत. दोन-तीन वेळा असे केल्यावरही नव्या रोपांत नक्षी तशीच येत राहिली, तर रंगहीन थर शेंड्यात सर्व बाजूंनी नीट बसला आहे असे समजावे.